तुतीच्या पिंपाची खूण

सोमोश नदीकाठच्या त्या गावात वेंडेल नावाची तीन माणसं होती. पण 'वेंडेलकडे जाऊन येतो' असं कुणी म्हटलं, की तो कुठल्या वेंडेलकडे निघालाय हे विचारावं लागत नसे. बोद्नार वेंडेल गावाची भट्टी चालवायचा. वय एकोणसत्तर, उंची बेताची, खांदे अजून बैलासारखे, आणि नाक असं, की त्याची बायको एतेल म्हणायची, "हा माणूस दारातून आत येण्याआधी याचं नाक येऊन खुर्चीवर बसतं."

त्या नाकावर गावाचा जीव होता. ऑगस्ट सरत आला की आलुबुखार पिकायचे. छोटे, निळे, वरून राख उडाल्यासारखे. त्या जातीला तिकडे 'माहीत नाही' असंच नाव आहे. कुणी लावली, कुठून आली, कुणालाच ठाऊक नाही. झाडं बांधावर, ओढ्याकाठी, स्मशानाच्या कुंपणाशी आपली आपण उगवतात. फळ आपण होऊन खाली पडलं की ते वेचायचं, पिंपात टाकायचं, आंबवायचं आणि आंबलं की भट्टीवर न्यायचं. प्रत्येक घराचं पिंप वेगळं, प्रत्येक घराचा दिवस वेगळा. आपला लगदा हंड्यात चढला की घरातलं माणूस भट्टीवर बसून राहणार. बरोबर पाव, कांदा, खारवलेली चरबी. आपला लगदा उकळत असताना घरी जाणं म्हणजे बायको बाळंत होत असताना पत्ते खेळायला जाणं, असं तिकडे मानतात.

"वेंडेल, तू चोर नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे," एखादा म्हातारा बाकावर बूड टेकत म्हणायचा.

"मग बसलास कशाला?"

"तू चोर नाहीस हे बघायला."

वेंडेल हसायचा नाही. धार सुरू झाली की त्याचं हसणं बंद. सुरुवातीची धार नाकाला झोंबणारी, डोक्यात जाणारी. ती बाजूला काढायची. मग येते ती मधली, मऊ आणि गोड वासाची. तीच खरी पालिंका, तिकडची फळांची दारू. शेवटी ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागतो. ती धार पुढच्या घाण्यात. एक कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली हे सांगणारं यंत्र त्या भट्टीत नव्हतं. वेंडेल धारेखाली तळहात धरायचा, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. बाकावरची माणसं चावणं थांबवायची.

"अजून नाही."

पुन्हा तळहात. पुन्हा डोळे मिटलेले.

"आता!"

एक्केचाळीस वर्षं त्यानं 'आता' म्हटलं, आणि गावात एकाही माणसाला कधी ते लवकर किंवा उशिरा वाटलं नाही. सरपंचाचा लगदा बुरसलेला निघाला तेव्हा त्यानं तो दारातूनच परत पाठवला. "डुकरं आहेत ना तुमच्याकडे?" एवढंच विचारलं. सरपंच दोन वर्षं बोलला नाही, तिसऱ्या वर्षी स्वच्छ धुतलेलं पिंप घेऊन आला.

पाण्याचा तर वेंडेलला मनस्वी राग. तयार पालिंकेत पाणी घालून ती वाढवणारा माणूस त्याच्या लेखी मेलेला. असं कुणाचं नाव निघालं, की तो बोलणं सोडून अंगणात निघून जायचा.

अशा या वेंडेलच्या घरी, चोवीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिन्यात नात झाली. एमेशे. त्या साली उन्हाळा कडक होता, पाऊस नव्हता, त्यामुळे आलुबुखार बोराएवढेच राहिले होते, पण जिभेला चिकटावेत इतके गोड. वेंडेलच्या आईची, झुझानाआजीची, नदीकाठी जुनी बाग होती. त्या बागेतलं सगळं फळ त्यानं त्या साली वेगळं काढलं, वेगळं आंबवलं आणि दोनदा उकळून दहा लीटर पालिंका काढली. ती त्यानं तुतीच्या लाकडाच्या लहान पिंपात भरली. तुतीच्या लाकडात राहिली की पालिंका हळूहळू मधाच्या रंगाची होते. पिंपावर त्यानं तापल्या सळईनं नातीचं नाव कोरलं आणि भरल्या घरात सांगितलं, "ही हिच्या लग्नात ओतायची. तोवर थेंब हलायचा नाही. मीसुद्धा चाखणार नाही. जो पिईल त्याला कळेल, मुलगी कुठल्या घरातून आली."

पुढच्या वसंतात नदीला पूर आला आणि ती बाग गेली. झाडं मुळासकट वाहून पुलाला अडकली होती. तेव्हापासून त्या बागेतलं जे काही जगात उरलं ते त्या पिंपात.

एमेशे दहा वर्षांची असताना तिचे आईबाप जर्मनीत कामाला गेले. वर्ष-दोन वर्षांत नेऊ म्हणाले होते, पण ती आजीआजोबांकडेच राहिली, शिकली, शहरातल्या दवाखान्यात नर्स झाली. तिला सायकल शिकवली वेंडेलनं. शाळेतून तक्रार आली की टोपी घालून जायचा तो वेंडेलच.

आणि दर वर्षी तिच्या नावाच्या दिवशी, म्हणजे कॅलेंडरात तिचं नाव छापलेलं असतं त्या दिवशी, तो तळघरात उतरायचा. पिंपाचं वरचं बूच काढायचा, धुतलेली वेताची काडी आत सोडायचा आणि वर काढून उजेडात धरायचा. पहिल्याच वर्षी काडीवर त्यानं चाकूनं खूण केली होती. ओल दर वर्षी बरोबर त्या खुणेला लागायची. काडी तो फडक्याला पुसायचा. जिभेला कधी लावली नाही, दिला शब्द म्हणजे दिला शब्द. मग वर येऊन स्वयंपाकघरात जाहीर करायचा, "केसभरही उतरली नाही! असं पिंप बांधणारा माणूस आता उरला नाही."

"हं," एतेल म्हणायची, आणि भांड्यात डाव जरा जोरात फिरवायची.

लाकडातून पालिंका उडते. थोडी थोडी, पण वर्षाला उडतेच. ज्याला ही भट्टीची सगळी विद्या येत होती, त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं की माझं पिंप चोवीस वर्षांत उतरलं नाही, तर वेंडेलनं त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं असतं. पण हे पिंप त्याचं होतं, त्यावर नातीचं नाव होतं, आणि दर वर्षी ती ओली काडी बघून त्याला इतकं बरं वाटायचं, की पुढचा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही.

एमेशेचं लग्न ठरलं ते रुग्णवाहिका चालवणाऱ्या आकोशशी. पोरगा सरळ होता. अडचण त्याच्या मुलखाची होती. त्याची माणसं केच्केमेटकडची, वाळूतली, जर्दाळू पिकवणारी. जर्दाळूची पालिंका ती खरी पालिंका असं तिकडे पाळण्यात शिकवतात. साखरपुड्यालाच आकोशचे वडील ऑटो, भरघोस मिशांचे, दारात उभे राहून म्हणाले होते, "आलुबुखार? आमच्याकडे डुकरं खातात. पण त्यांनाही आवडतातच असं नाही."

"जर्दाळू आमच्याकडेही आहे," वेंडेल म्हणाला होता. "बायका केसांना लावतात."

दोघांनी हात मिळवले होते, पण बोटं जरा जास्तच दाबून.

तिकडची रीत अशी, की लग्नाआधी मुलाकडची माणसं मुलीच्या घरी येऊन लग्नात वाटायची पालिंका चाखून जातात. नावाला चाखणं, खरं तर तोलणं. लग्न तीन आठवड्यांवर आलं, तेव्हा एका रविवारी ऑटो आणि त्यांच्या बायको वालेरिया आले. आकोश ड्यूटीवर होता. वेंडेलनं त्यांना घरात नाही, भट्टीत बसवलं. मोठ्या तांब्याच्या हंड्याला सरकारी सील होतं, रविवारी त्याला हात लावायचा नसतो. पण तांबं त्यानं आदल्या दिवशी राखेनं घासून आरशासारखं केलं होतं. लांब टेबलावर एतेलनं पांढरं कापड घातलं होतं, त्यावर पोगाचे, म्हणजे चरबीचे छोटे खारे पाव, डाळिंबी रंगाचे सॉसेज, अक्रोड. आणि मधोमध, माळ घातलेल्या नवरदेवासारखं, ते तुतीचं पिंप.

"देवानं आणलं तुम्हाला," वेंडेल म्हणाला. त्यानं काळं जाकीट घातलं होतं.

"देवानं कसलं, हमरस्त्यानं आणलं," ऑटो म्हणाले. "चार तास! बायको सगळी वाट सांगत होती, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. मी तिचं ऐकलं म्हणून चार. नसतं ऐकलं तर अडीच."

"नसतं ऐकलं तर रोमानियात असतो," वालेरिया म्हणाल्या आणि खुर्चीत बसताना त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले.

एमेशे आजोबांच्या शेजारी उभी होती. तिच्या नावाच्या पिंपाची तोटी आज पहिल्यांदा उघडणार होती. वेंडेलनं तोटी फिरवली. त्यानं आधी एक उभी पारदर्शक बाटली भरली, मग पाच लहान पेले. एतेलनं आपल्या पेल्याला हात लावला नाही.

वेंडेलनं पेला खिडकीकडे धरला.

रंग मधाचा होता, पण त्या मधात धूर शिरल्यासारखी एक बारीक झाक होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. वेंडेलला ती दिसली. चांगली कडक पालिंका अशी गढुळत नाही. ती गढुळते, जेव्हा तिच्यात जड पाणी पडतं. विहिरीचं.

तोवर ऑटोंनी बाटली उचलली होती. जाणता माणूस आधी पीत नाही. तो बाटली हलवतो. बाटली जोरात हलवून उभी धरली की काठाशी बुडबुड्यांची माळ उभी राहते, आणि पालिंका जितकी कसदार तितकी ती माळ टिकते. ऑटोंनी बाटली हलवली, डोळ्यांसमोर धरली. बुडबुडे वर आले आणि वितळून गेले. त्यांनी पुन्हा हलवली. पुन्हा गेले.

वेंडेल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आता हा बोलणार. डुकरांचं काहीतरी काढणार. जर्दाळूचं काढणार. काढू दे, त्याला उत्तर देता येईल.

 पण ऑटोंनी बाटली फार हळुवार, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी टेबलावर ठेवली. पेला उचलला, "एमेशेच्या तब्येतीला," म्हणाले, पिऊन टाकला आणि अगदी नीट, अगदी सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. मऊ आहे."

वेंडेलला वाटलं, भिंत पडून आपण तिच्याखाली गेलो असतो तरी चाललं असतं. या माणसानं त्याच्यावर दया केली होती. जर्दाळूवाल्यानं! चोवीस वर्षं ज्या शब्दावर तो छाती काढून फिरला, त्याची किंमत आता 'मऊ आहे' एवढी होती. आणि तीन आठवड्यांनी दोनशे दहा माणसं हीच पिणार होती. मुलगी कुठल्या घरातून आली हे त्यांना कळणार होतं.

त्यानं खिशातून मापाची काचकांडी काढली, बाटलीत सोडली. कांडी खाली बुडेना. अठ्ठावीस अंश. भरली तेव्हा पन्नास होते.

"आजोबा?" एमेशे म्हणाली. "काय झालं?"

"यात पाणी आहे," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "कुणीतरी पाणी घातलंय. माझ्या तळघरात. माझ्या घरात कुणीतरी..."

"कुणीतरी नाही," एतेल म्हणाली. "मी."

 बाहेर कोंबडा अवेळी आरवला.

एतेल उभी होती. कमरेवर हात, गाल लाल, पण मान खाली नाही. "मी घातलं. एक-एक छोटा पेला. असा बघू नकोस माझ्याकडे, म्हाताऱ्या, मी प्यायले नाही. पिण्याची कारणं तुझ्याशी लग्न केल्यापासून पुष्कळ मिळाली, पण प्यायचीच असती तर मी विकत घेऊन प्यायले असते."

"मग?"

"तुझ्या आईनं मागितली."

"आईनं?" वेंडेल म्हणाला. "तिला तर डॉक्टरांनी..."

"पिणं बंद केलं होतं. म्हणून गुडघ्यांना चोळायला. तू पूर विसरलास, ती नाही विसरली. थंडी लागली की दर शनिवारी, आंघोळ झाली की मला खुणेनं बोलवायची. 'एतेल, तळघरात जा.' मी म्हणायचे, सासूबाई, घरात पन्नास बाटल्या आहेत, कुठलीही चोळते. तर म्हणायची, नको. त्या दुसऱ्यांच्या झाडांच्या. मला माझ्या झाडांची पाहिजे." एतेल थांबली, मग तिनं सासूबाईंचा आवाज काढला, चिरका आणि हट्टी. "'वेंडेल म्हणतो लग्नात ओतणार. मी असणार आहे का त्या लग्नाला? मी मेल्यावर माझी झाडं परकी माणसं पिणार आणि मी मातीत! माझा वाटा मला आत्ता दे.' आता तू सांग, मी काय करायचं होतं? सहा हिवाळे. एक छोटा पेला काढायचा, तेवढंच पाणी घालायचं. नाही तर तुझी ती काडी!"

"काडी," वेंडेल म्हणाला.

"हो, काडी! दर वर्षी वर येऊन नाचायचास, केसभर उतरली नाही, केसभर उतरली नाही. आई गेल्यावरही मी पाणी घालतच राहिले. कारण पालिंका आपली आपण उडत होती आणि तुझी खूण ओली राहिली नसती, तर तू आठवडाभर जेवला नसतास."

 ऑटो मिशीवरून हात फिरवत होते. मग वालेरिया, ज्या आतापर्यंत गप्प होत्या, पुढे झुकल्या.

"विहीणबाई, एक विचारू? गुडघ्यांना गुण आला?"

एतेलनं त्यांच्याकडे बघितलं. "एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. स्वतःच्या पायांनी अंगणात गेल्या, कोंबड्यांना दाणे टाकले, बाकावर बसल्या आणि गेल्या. अंथरुणाला एक दिवस नाही."

वालेरियांनी आपला भरलेला पेला उचलला, त्याकडे विचार करत बघितलं, आणि घागरा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

"वालेरिया!" ऑटो ओरडले.

"तू बाहेर जा, नाही तर तोंड फिरव," त्या म्हणाल्या. "चार तास गाडीत बसून माझे गुडघे लाकूड झालेत. विहीणबाई, गोल गोल चोळायचं का वरून खाली?"

"आधी गोल," एतेल म्हणाली आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

एमेशे आधी हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. वेंडेल मात्र हसला नाही. तो पिंपाशी उभा राहून लाकडावरून हात फिरवत होता. त्याच्या डोळ्यांसमोर आई होती, अंथरुणाच्या कडेला बसलेली, पांढऱ्या पायांची, नाकानं आपल्या बागेचा वास घेणारी. तो तेव्हा शनिवारी उशिरापर्यंत भट्टीतच असायचा. घरात तो वास त्याला यायला हवा होता. जगातल्या सगळ्या घरांच्या पालिंकांचे वास त्यानं ओळखले, आणि सहा हिवाळे आपल्याच आईच्या अंथरुणाचा वास ओळखला नाही. राग शोधायला गेला तर तो सापडेना. फक्त लग्न डोळ्यांसमोर उभं होतं.

"अठ्ठावीस अंशांची मी माझ्या नातीच्या लग्नात ओतणार नाही," तो म्हणाला. "मग बाजारातून आणू."

"बाजारातून?" ऑटो पाठमोरेच गरजले, त्यांनी खरंच तोंड फिरवलं होतं. "वेड लागलं का, व्याही? परत चढवा की हंड्यात! पाणी मागे राहील, कस वर येईल."

"मला शिकवता?" वेंडेल म्हणाला. "कस वर येईल. रंग नाही येणार. चोवीस वर्षांचा तुतीचा रंग हंड्याच्या तळाशी राहील. म्हातारपण उकळून वर येत नसतं. निघेल ती पांढरी, पाण्यासारखी, कालची."

"मग तशीच ठेवा, गढूळ."

"तशी तर मुळीच नाही."

ऑटो वळले, आणि दोघांनीही एमेशेकडे बघितलं. पिंपावर तिचं नाव होतं.

एमेशेनं पेला हातात फिरवला. "मला रंगाचं काही नाही," ती म्हणाली. "ती बाग मी बघितलेली नाही. तिचे आलुबुखार कसे लागायचे ते मला माहीत नाही. ते यातून निघणार असतील तर चढवा, आजोबा."

घरामागच्या छपरात वेंडेलचं स्वतःचं लहान भांडं होतं, नोंदवलेलं, रीतसर. तिथं त्यांनी पिंप नेलं. ऑटोंनी कोट काढून ठेवला आणि न सांगता लाकडं फोडायला घेतली. वेंडेलनं विस्तव मंद ठेवला, फार मंद. दुपार कलायला लागली. वालेरिया बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या, पोगाचे सगळ्यांच्या हातांत होते, आणि ऑटो पावावर चरबी ठेवता ठेवता दर पाच मिनिटांनी नळीच्या तोंडाशी वाकत होते.

"बसा हो व्याही," वेंडेल म्हणाला. "मी चोर नाही."

"तेच बघतोय."

धार लागली. वेंडेलनं तळहात पुढे केला. त्याला स्वतःलाच भीती वाटली. पिंपात भरल्यापासून पहिल्यांदाच तो या पालिंकेला नाक लावत होता. हात चोळले, डोळे मिटले. अजून नाही. पुन्हा. अजून नाही. ऑटोंचं चावणं थांबलं होतं.

मग तो वास आला. आधी लाकडाचा, मग वाळक्या गवताचा, आणि मग एकदम, उन्हात तापलेल्या, सालीला चिरा पडलेल्या, मधमाश्या बसलेल्या फळांचा. त्या साली जमीन भेगाळली होती. आई बागेत डोक्याला रुमाल बांधून वाकली होती आणि म्हणत होती, 'हळू वेच, दाबू नकोस.'

वेंडेलचे डोळे मिटलेलेच होते. धार वाहत होती.

"म्हाताऱ्या!" एतेल ओरडली. "आता का नाही?"

"आता," तो म्हणाला. "आता, आता!"

एमेशेनं काचेचं भांडं धारेखाली सरकवलं.

पिंपातल्या दहा लीटरांतून सव्वाचार लीटर निघाली. पांढरी, लखलखीत, पाण्यासारखी. वेंडेलनं ती बाटल्यांत भरली आणि पहिला पेला ऑटोंना दिला. ऑटोंनी बाटली हलवली. माळ काठाशी उभी राहिली आणि टिकली, मणी मणी मोजता येतील अशी. मग त्यांनी पेला तोंडाला लावला, बराच वेळ तोंडात धरला, गिळला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले.

"तोंड भाजतं," ते म्हणाले. "ताजी आहे. कडू आहे थोडी. अजून सहा महिने काचेत बसवायला पाहिजे." त्यांनी पेला पुढे केला. "आणखी घाला."

"नाही. माणशी मोजून आहे."

"सव्वाचार लीटर आणि दोनशे दहा माणसं? एकेकाच्या वाट्याला अर्धा पेलासुद्धा नाही!"

"अर्ध्यापेक्षा कमी," वेंडेल म्हणाला. त्यानं मनातल्या मनात आधीच हिशोब केला होता. "मी दाराशी उभा राहीन. प्रत्येकाला स्वतः ओतीन. आणि ज्यानं विचारलं, एवढीशीच का, त्याला सांगीन."

"काय सांगशील?" एतेलनं लगेच विचारलं.

"जे झालं ते."

"दोनशे दहा माणसांना सांगणार, की तुझ्या बायकोनं पिंपात पाणी घातलं?"

"सांगणार, की माझ्या आईनं तिचा वाटा आधी घेतला. आणि बाकीचं तिच्या सुनेनं सांभाळलं."

 एतेलनं पोगाच्यांच्या टोपलीवरचं फडकं उचललं, झटकलं, पुन्हा घातलं. मग म्हणाली, "मी त्या दाराशी उभी राहणार नाही. लोक माझ्याकडे बघणार."

"मग ट्रे कोण धरणार?"

"आजी नसेल तर मी पण नाही उभी राहणार," एमेशे म्हणाली. "नवरी नाही, तर लग्न कसलं?"

"एवढ्यासाठी लग्न मोडू नका," ऑटो म्हणाले. कोट त्यांनी खांद्यावर टाकला होता, बाह्यांना लाकडाचा भुसा लागला होता. "ट्रे मी धरतो."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"तुम्ही?" वेंडेल म्हणाला. "आलुबुखाराचा ट्रे? तुमच्या मुलखातली माणसं येणार आहेत त्या लग्नाला."

"साठ येणार आहेत. साठही जण वर्षभर मला बोलतील." ऑटोंनी रिकाम्या पेल्याचा वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला. "पण विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या राहणार असतील तरच. मला एकट्याला ते नाही जमायचं. आणि ट्रे धरणाऱ्यानं घालायचा तो एप्रन मी घालणार नाही."

एतेलनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मिशीपासून बुटांपर्यंत.

"एप्रन घालावाच लागेल," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंचा आहे. निळा. तुम्हाला बसेल."